नाव बदलावे, खूण राखावी



आपल्या शाळेतील संगणक कसे वापरावेत हे समजावे म्हणून मी पूर्वी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली होती. तीत लहान लहान अकरा धडे होते. सातवा धडा केलेले काम जपून ठेवण्याचा होता आणि आठवा, संगणकातील जुने काम पुसून जागा मोकळी करण्याचा. प्रत्येक संगणकाशेजारी भिंतीवर एक चिठ्ठी लावली होती : 'काम संपल्यावर सातव्या धड्याप्रमाणे करावे.' पुढे तिसरा धडा निरुपयोगी वाटला म्हणून मी तो काढून टाकला. त्यानंतरच्या सर्व धड्यांचे क्रमांक साहजिकच एकेकाने मागे आले. नवी प्रत मेजावर ठेवली गेली. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे मात्र माझे लक्ष गेले नाही.

नववीतील एक मुलगी त्या वेळी आपल्या आजीकडून ऐकलेली रानातील कंदांची, वेलींची आणि झाडांची नावे टिपून संगणकावर लिहीत होती. तीन आठवडे ती रोज थोडी थोडी भर घालीत होती. एके सायंकाळी काम संपल्यावर तिने चिठ्ठी वाचली, मार्गदर्शिकेतील सातवा धडा उघडला आणि त्यात सांगितले होते त्याप्रमाणे एकेक पायरी तंतोतंत पार पाडली. दुसऱ्या दिवशी तिची यादी कोठेच नव्हती. "सर, चिठ्ठीत सातवा धडा म्हटलं होतं," एवढेच ती म्हणाली.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोष आज्ञा पाळणारीचा नव्हता. आज्ञा लिहिणाऱ्याचा होता. आजीपाशी पुन्हा बसून तिने यादी नव्याने केली, परंतु पहिल्या खेपेस आलेली काही नावे आजीला दुसऱ्यांदा आठवली नाहीत. ती गेली ती गेलीच. या प्रसंगाने मला जो धडा शिकविला, तो आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. तो केवळ संगणकापुरता नाही. जेथे जेथे एक लेख दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवितो, तेथे तेथे तो लागू पडतो.

नाव आणि संकेत

प्रथम आपल्या गावच्या रेल्वे स्थानकावर जाऊ या. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'कॅसलरॉक' हे नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहिलेले आहे. हे नाव प्रवाशासाठी. परंतु रेल्वेच्या दप्तरात आणि तिकिटाच्या यंत्रात या स्थानकाला आणखी एक ओळख आहे : 'सीएलआर' हा तीन रोमन अक्षरांचा संकेत. शेजारच्या लोंड्याचा संकेत 'एलडी', तर बेळगावचा 'बीजीएम'. नाव माणसाने वाचावे आणि संकेत दप्तराने ओळखावा, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचा उपयोग नाव बदलते तेव्हा कळतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने राज्यातील बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली. 'बेलगाम'चे 'बेळगावी' झाले, 'हुबळी'चे 'हुब्बळ्ळी' झाले. पुढे २०२० साली हुबळीच्या स्थानकाला श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव देण्यात आले. पाट्या पुन्हा रंगल्या, परंतु हुबळीचा 'यूबीएल' आणि बेळगावचा 'बीजीएम' हे संकेत होते तसेच राहिले. आपल्या सीमाभागात नावांविषयी भावना किती तीव्र आहेत हे मी तुम्हांला सांगावयास नको. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. फक्त एवढेच पाहावे की कोणी 'बेळगाव' म्हणो, कोणी 'बेळगावी' म्हणो, दोघांचीही तिकिटे त्याच स्थानकाची निघतात आणि दोघेही त्याच फलाटावर उतरतात. संकेत स्थिर असल्यामुळे नावाला बदलण्याचे स्वातंत्र्य मिळते.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. 'व्हिक्टोरिया टर्मिनस'चे १९९६ साली 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. नाव अधिक आदरयुक्त झाले हे योग्यच होते. पण येथे संकेतही नावाच्या आद्याक्षरांवरून बनविलेला असल्यामुळे 'सीएसटीएम' जाऊन 'सीएसएमटी' आला. संकेत जितका नावाला घट्ट बांधावा, तितका तो नावाबरोबर ओढला जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे संगणकाच्या विवेचनात ती पुन्हा भेटणार आहे.

रिकामी जागा आणि भरलेली जागा

नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही भारतीय संविधानाचा 'अनुच्छेद २१-क' शिकला आहात. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क त्यात सांगितला आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद घातला गेला. त्याला सरळ २२ हा क्रमांक देऊन पुढचे सर्व अनुच्छेद एकेकाने का सरकविले नाहीत? कारण तसे केले असते, तर १९५० पासून न्यायालयांच्या निकालांत, ग्रंथांत आणि सरकारी कागदांत जेथे जेथे 'अनुच्छेद ३२' असे लिहिले गेले होते, तेथे तेथे ते बोट चुकीच्या जागी गेले असते. म्हणून नव्याला 'क' जोडून मधल्या जागेत बसविले आणि जुन्यांना हलविले नाही.

काढून टाकतानाही हीच दक्षता घेतली गेली. मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद ३१ हा १९७८ सालच्या ४४ व्या दुरुस्तीने वगळण्यात आला, पण त्याची जागा दुसऱ्या कोणत्याही विषयाला दिली गेली नाही. त्या हक्काचा जो अंश उरला, तो 'अनुच्छेद ३००-क' म्हणून दुसरीकडे गेला. रिकामी जागा दिसावयास बरी दिसत नाही, हे खरे. पण ती खोटे बोलत नाही. जुना वाचक तेथे आला तर 'येथे होते ते आता नाही' हे त्यास निश्चित कळते.

आता दुसरा प्रकार पाहा. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतील 'चारशे वीस' हे कलम फसवणुकीचे आणि 'तीनशे दोन' हे खुनाच्या शिक्षेचे. हे आकडे इतके रूढ झाले की ज्याने कायद्याचे पुस्तक कधी पाहिले नाही, तोही लबाड माणसाला 'चारशे वीस' म्हणतो. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांची रचना व क्रमांक नव्याने ठरले. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये. नव्या संहितेत एकूण ३५८ कलमे असल्याने ४२० क्रमांकाचे कलमच नाही. तो आकडा शोधणाऱ्याला आपण चुकलो हे लगेच कळेल. परंतु ३०२ क्रमांकाचे कलम आहे, आणि ते धार्मिक भावना दुखविणाऱ्या उद्गारांविषयी आहे. येथे खरा धोका आहे. क्रमांक सापडतो, पण अर्थ दुसराच निघतो. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने वकील आणि पोलीस यांना दोन्ही क्रमांक जवळ बाळगावे लागतात, आणि त्यासाठी जुन्या-नव्या कलमांची तुलनात्मक कोष्टके वापरावी लागतात. संपूर्ण कायदा नव्याने रचावयाचा तर क्रमांक बदलणे समजण्यासारखे आहे. पण त्याची किंमत कोष्टकाच्या रूपाने द्यावी लागते.

माझ्या मार्गदर्शिकेत नेमके हेच घडले होते. सातवा धडा नाहीसा झाला असता, तर ती मुलगी मला विचारावयास आली असती. तो तेथे होता आणि वेगळाच होता, म्हणून घात झाला.

संगणकाच्या मार्गदर्शिकेत काय घडते

संगणकाला काम करावयास लावणाऱ्या आज्ञावलीबरोबर तिचे स्पष्टीकरण करणारी मार्गदर्शिका असते. तिलाच डॉक्युमेंटेशन म्हणतात. हल्ली ती बहुधा इंटरनेटवरील पानांच्या रूपात असते, आणि प्रत्येक पानावर शीर्षके देऊन विभाग पाडलेले असतात. एखाद्या विभागाकडे वाचकाला थेट नेण्यासाठी जो दुवा देतात, त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग पानाचा पत्ता. त्यानंतर 'हॅश' हे चिन्ह येते आणि मग दुसरा भाग, म्हणजे त्या पानातील विशिष्ट विभागाची खूण.

या दोन भागांचे भवितव्य निरनिराळे असते. पानाचा पत्ता दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पाठविला जातो. पान नसेल तर सर्व्हर 'पान सापडले नाही' असे कळवितो. पान दुसरीकडे नेले असेल तर तो वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवूही शकतो. पण 'हॅश'नंतरची खूण सर्व्हरकडे जातच नाही. ती वाचकाच्या ब्राउझरपाशीच राहते. पान आल्यावर ब्राउझर त्यात ती खूण शोधतो. सापडली तर तेथे नेतो. न सापडली तर काहीही न बोलता पानाच्या माथ्याशी सोडून देतो. तक्रार नाही, सूचना नाही. लिहिणाऱ्याला दुवा तुटल्याचे कळत नाही आणि वाचणाऱ्याला वाटते की आपल्यालाच नीट शोधता येत नाही. पत्ता चुकलेले पत्र निदान परत तरी येते. हे पत्र परतही येत नाही.

मग खूण बदलते कशी? मार्गदर्शिका तयार करणारी बरीचशी साधने शीर्षकाच्या शब्दांवरूनच खूण बनवितात. शीर्षक 'इन्स्टॉलेशन' असेल तर खूणही तीच. उद्या लेखकाने ते अधिक सोपे करून 'सुरुवात कशी करावी' असे केले की खूण आपोआप बदलते आणि जगभर लोकांनी आपापल्या टिपणांत, पुस्तकांत व आज्ञावलींत लिहून ठेवलेले जुने दुवे मूकपणे निकामी होतात. मुंबईच्या स्थानकाचे संकेत जसे नावाबरोबर ओढले गेले, तसेच हे. एकाच पानावर एकाच नावाची दोन शीर्षके असली तर काही साधने दुसऱ्याच्या खुणेला एकाचा आकडा जोडतात. त्यांच्या आधी त्याच नावाचे तिसरे शीर्षक आले की आकडे सरकतात आणि जुना दुवा शेजारच्या विभागात जाऊन पडतो.

आपल्या भाषेत लिहिणाऱ्यास आणखी एक अडचण आहे. पायथन या संगणक-भाषेची मार्गदर्शिका तयार करण्यासाठी बनविलेले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले 'स्फिंक्स' हे साधन आज अनेक प्रकल्पांत वापरले जाते. शीर्षकावरून खूण बनविताना ते मूळ रोमन अक्षरांचाच विचार करते. शीर्षक सर्वस्वी देवनागरीत असेल तर त्यातून काहीच उरत नाही, आणि मग विभागाला केवळ अनुक्रमांकाची खूण मिळते : पहिला, दुसरा, तिसरा. मध्ये एक विभाग घातला की पुढच्या खुणा सरकल्या. म्हणजे माझ्या अकरा धड्यांची चूक तेथे यंत्र आपल्या वतीने करते! यास उपाय त्याच साधनात आहे. शीर्षकाच्या आधी लेखकाने स्वतः निवडलेली खूण लिहिता येते, आणि एकाच विभागाला एकाहून अधिक खुणाही देता येतात. मराठीत मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने ही सोय वापरणे हा शोभेचा भाग नसून गरजेचा आहे.

शीर्षक वाचणारे यंत्र

आतापर्यंत आपण शीर्षक माणसासाठी आणि खूण यंत्रासाठी असे धरून चाललो. परंतु कधी कधी यंत्र शीर्षकच वाचते. युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घालून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केली. तिच्या प्रत्येक पानावर 'नेम', 'सिनॉप्सिस', 'डिस्क्रिप्शन', 'सी ऑल्सो' अशी ठरावीक शीर्षके होती, आणि सर्व पाने क्रमांकित भागांत विभागली होती. पहिल्या भागात वापरणाऱ्याच्या आज्ञा, दुसऱ्यात प्रणालीला करावयाची आवाहने, तिसऱ्यात उपयुक्त उपक्रम. पन्नासहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या घराण्यातील प्रणालींत या तीन क्रमांकांचा अर्थ तोच आहे. जुन्या पुस्तकात 'भाग तीन पाहा' असे वाचून आजचा विद्यार्थी तेथे गेला तर त्याला योग्य तेच सापडते.

या पानांतील 'नेम' या शीर्षकाखालची एक ओळ उचलून काही आज्ञावली सर्व पानांची सूची बनवितात. शीर्षक बदलून कोणी 'परिचय' असे केले तर माणसाला ते अधिक गोड वाटेल, पण सूची बनविणारी आज्ञावली त्या पानाला ओळखणार नाही आणि ते पान सूचीतून गळेल. लिनक्सवरील अशा एका आज्ञावलीत तर 'नेम' या शब्दाची अनेक भाषांतील रूपे मुद्दाम नोंदवून ठेवावी लागली आहेत, म्हणजे भाषांतरित पाने गळू नयेत. पर्ल भाषेतही अशी सोय आहे की आज्ञावली आपल्याच मार्गदर्शिकेतील 'सिनॉप्सिस' हा विभाग शोधून वापरणाऱ्याला मदत म्हणून दाखविते. तो विभाग दुसऱ्या नावाने लिहिला, तर मदत मागणाऱ्याला मदत मिळत नाही. सारांश, ठरावीक शीर्षकाला हात लावण्यापूर्वी ते कोण कोण वाचते याची चौकशी करावी.

मग काय करावे?

यावरून कोणी म्हणेल, 'एकदा ठेवलेले नाव कधीच बदलू नये.' हे मला मान्य नाही. नाव चुकीचे असेल, दुर्बोध असेल किंवा कोणाचा अवमान करणारे असेल, तर ते बदललेच पाहिजे. चुकीच्या नावाला केवळ जुने म्हणून चिकटून राहणे हा वाचकावर अन्याय आहे. पण नाव बदलण्याचा हक्क आणि जुन्या वाचकाला वाटेत न सोडण्याचे कर्तव्य ही दोन्ही एकाच वेळी सांभाळता येतात. त्याचे नियम थोडक्यात असे सांगता येतील :

(१) शीर्षक आणि खूण वेगवेगळ्या लिहाव्यात. शीर्षक वाचकाला कळेल असे, खूण कायम टिकेल अशी.

(२) खूण अनुक्रमांकावरून ठेवू नये, विषयाच्या गाभ्यावरून ठेवावी. तीत वर्ष, आवृत्ती, लेखकाचे नाव किंवा 'नवीन' यांसारखे बदलणारे शब्द नसावेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही १९९८ साली पानांच्या पत्त्यांतून लेखकाचे नाव आणि बदलणारे शब्द वगळण्याचा उपदेश केला होता.

(३) खूण बदलणे अटळ झाले तर जुनीही त्याच जागी राहू द्यावी. दोन खुणा एकाच विभागाकडे नेतात, यात काही वावगे नाही.

(४) विभाग दुसऱ्या पानावर नेला तर जुन्या जागी एक ओळ ठेवावी : 'हा विषय आता अमुक ठिकाणी आहे.' एका विभागाचे दोन केले तर जुनी खूण त्या भागाला द्यावी, ज्याच्या शोधात पूर्वीचा वाचक येत असे.

(५) सोडून दिलेली खूण दुसऱ्या विषयाला कधीही देऊ नये. रिकामी जागा चालेल. फसवी जागा चालणार नाही.

(६) बरेच बदल एकदम करावे लागले तर जुन्या-नव्या नावांचे कोष्टक सोबत द्यावे.

आपल्या तालुक्याचेच उदाहरण घ्या. जुने सुपे गाव काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तरी जुन्या कागदांतील 'सुपा तालुका' हे शब्द खोटे ठरत नाहीत. कारण सुपा म्हणजे आजचा जोयडा हे सांगणारी दप्तरे आहेत आणि वडीलधारी माणसेही आहेत. गाव पाण्याखाली गेला, पण त्याच्याकडे दाखविणारे बोट आजही योग्य जागी पोहोचते. मार्गदर्शिकेला असे सांगणारी वडील माणसे नसतात. लेखक समोर नसतो, वाचक एकटा असतो. म्हणून जे कोणी तोंडी सांगितले असते, ते लेखकाने आधीच लिहून ठेवावयास हवे.

माझी मार्गदर्शिका मी पुन्हा लिहिली. आता तिच्यात धड्यांना क्रमांक नाहीत. भिंतीवरच्या चिठ्ठीत 'काम जपून ठेवणे हा धडा पाहावा' असे लिहिले आहे, आणि पुसण्याच्या धड्याच्या आरंभी 'हा काम जपण्याचा धडा नव्हे' अशी सूचना आहे. शेवटच्या पानावर जुन्या क्रमांकांचे कोष्टक आहे, कारण जुन्या प्रतीवरून टिपणे उतरवून घेतलेली मुले अजून शाळेत आहेत. तिसऱ्या क्रमांकासमोर 'वगळला' एवढाच शब्द आहे.

आपण लिहितो तेव्हा केवळ आजच्या वाचकासाठी लिहीत नाही. कालच्या आपल्या शब्दावर विसंबून कोणीतरी उद्या येणार आहे. तो आला तेव्हा त्याला योग्य दार सापडावे, एवढी काळजी घेणे हाही लेखनाचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. संविधानातील 'अनुच्छेद २१-क' याला २२ हा क्रमांक का दिला नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. 'रिकामी जागा चालेल. फसवी जागा चालणार नाही.' जुन्या व नव्या कायद्यातील ४२० आणि ३०२ या क्रमांकांच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.

३. आपल्या शास्त्राच्या वहीत 'मागील पान पाहा' किंवा 'प्रकरण अमुक पाहा' अशा किती सूचना आहेत ते मोजा. वहीत मध्ये चार पाने घातली, तर त्यांतील किती सूचना चुकतील? त्या चुकू नयेत म्हणून कशा लिहाल?

४. आपल्या घरी वडीलधाऱ्यांना विचारून गावातील अशा तीन जागांची जुनी व नवी नावे लिहून आणा, ज्यांची नावे बदलली आहेत. यादी झाल्यावर काम जपून ठेवण्यास विसरू नका.